समुद्रातला वायू, मराठवाड्यातले पोते

लातूर-नांदेडच्या इतिहासात समुद्राला जागा नाही, असे आपण धरून चालतो. पण इथल्या उसाला, कापसाला पडणाऱ्या युरियाचा माग काढला, तर तो मुंबईपलीकडच्या समुद्रतळाशी जाऊन पोहोचतो.

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. १९७६ मध्ये, नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, किनाऱ्याच्या अधिक जवळ वसईचे वायुक्षेत्र सापडले. मुंबई हायमध्ये वायू तेलासोबत वर येई; वसईत तो चुनखडीच्या थरांत स्वतंत्रपणे कोंडलेला होता. वापरण्याची सोय अपुरी असल्याने तेलासोबतचा बराच वायू सुरुवातीला समुद्रातच जाळला गेला.

पुढे मुंबई हायचा वायू उरणला उतरला. १९८५ मध्ये अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना सुरू झाला. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया, अमोनियाचा युरिया. आणि तो ‘उज्ज्वला’च्या पोत्यांतून गावोगाव. वसईचे उत्पादन १९८८ मध्ये सुरू झाले. तो गंधकयुक्त वायू शुद्धीकरणासाठी हजिऱ्याला गेला आणि तिथून विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने उत्तरेच्या खत कारखान्यांना. मराठवाड्याच्या वाट्याला वाहिनी आली नाही, पोते आले.

वायू उपसला की थरातला दाब उतरतो. मग फलाटांवर कॉम्प्रेसर बसवावे लागतात, कडेच्या लहान साठ्यांत नव्या विहिरी खणाव्या लागतात. जुन्या क्षेत्रांची ही उतरण चालू असतानाच देशाची मागणी वाढत गेली. २००४ मध्ये गुजरातेत दहेजला कतारचा द्रवरूप वायू उतरू लागला. २०१५ पासून युरिया कारखान्यांसाठी देशी आणि आयात वायूचे दर एकत्र करून सरासरी दर लावला जातो.

शेतकऱ्याला यातले काहीच दिसले नाही, कारण पोत्याचा दर सरकार ठरवते. वायू महागला की फरक अनुदानात जिरतो. पोते ५० किलोंचे ४५ झाले, २०२२ पासून ‘उज्ज्वला’ऐवजी ‘भारत’ हे नाव ठळक झाले. समुद्रातल्या साठ्याची खूण मात्र पोत्यावर कधीच नव्हती. विहिरीचे पाणी आटले की आपण दोर टाकून खोली मोजतो. या दुसऱ्या विहिरीचा तळ आपल्याला कळतो तो थेट कृषी सेवा केंद्रापुढच्या रांगेत, आणि तेव्हा आपण दुकानदाराशी भांडतो.