दहा मिनिटांची मुदत

पैशाच्या इतिहासात सोन्याचांदीची कथा सारेच सांगतात. मुदतीची कथा मात्र कोणी फारशी सांगत नाही. वस्तुतः पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, हे सर्वांना मान्य होण्यास किती वेळ लागावा, हा प्रश्न जुनाच आहे. पेशवाईत दूरदेशी रक्कम पाठवायची ती सावकाराच्या हुंडीने. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदतीची ठरलेले दिवस भरल्यावर. परंतु दर्शनी हुंडीचे पैसे मोजण्यापूर्वीही शहाणा सराफ अक्षर आणि माणूस दोन्ही पारखून घेई. ते थांबणे आळसाचे नव्हते. फसवणुकीविरुद्धची ती तटबंदी होती.

हाच प्रश्न आपल्या काळात नव्या वेषात आला. २००८ साली दिवाळीच्याच आठवड्यात, ३१ ऑक्टोबरला, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला. सराफ नाही, पेढी नाही, तरी वही खरी राहावी, अशी युक्ती त्यात होती. ३ जानेवारी २००९ ही तारीख त्या वहीच्या, म्हणजे बिटकॉइनच्या, पहिल्या पानावर आहे. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात. नवे पान, ज्याला ब्लॉक म्हणतात, जोडण्याचा मान ज्याला गणिती कोडे आधी सुटेल त्याला, बक्षीसही त्यालाच. सरासरी दहा मिनिटांनी एक पान पडावे इतके कोडे अवघड ठेवलेले असते, आणि दर २०१६ पानांनी ही अवघडाई पुन्हा जोखली जाते.

दहा मिनिटे! मोठ्या रकमेला तर सहा पाने, म्हणजे तासभर, थांबण्याची रीत. तेव्हा मुदतच तोडावी, असे अनेकांना वाटले. ऑक्टोबर २०११ मध्ये लाइटकॉइनने ती अडीच मिनिटांवर आणली. डिसेंबर २०१३ मध्ये डोजकॉइनने एका मिनिटावर. मग पाच सेकंदच का नकोत?

याचे उत्तर शीळफाट्यावर मिळण्यासारखे आहे. कल्याणचा रस्ता आणि मुंब्रा-पनवेल रस्ता जेथे मिळतात, त्या नाक्यावर समजा हवालदाराने ठरवले की कोणालाच ताटकळत ठेवायचे नाही. दर दहा सेकंदांनी बाजू बदलायची. काय होईल? एक बाजू थांबून चौक मोकळा होण्यास आणि दुसऱ्या बाजूचा कंटेनर हलण्यास पाच-सात सेकंद लागायचेच. पाळी दोन मिनिटांची असेल तर ती सेकंदे जाणवत नाहीत. दहा सेकंदांची केली की निम्मा वेळ त्यातच जातो. घाई सर्वांची, आणि पुढे कोणीच नाही!

वहीच्या जाळ्यात ही वाया जाणारी सेकंदे म्हणजे बातमी पोचण्याचा वेळ. २०१३ साली झुरिक येथील ख्रिश्चन डेकर आणि रॉजर वाटनहोफर यांनी तो मोजला. नव्या पानाची बातमी संगणकापर्यंत जाण्यास सरासरी १२.६ सेकंद लागत. ४० सेकंदांनंतरही शंभरांतील पाच संगणकांना तिचा पत्ता नसे. तेवढ्यात दुसऱ्या कोणाला कोडे सुटले, तर एकाच जागी दोन पाने होतात. एक टिकते, दुसरे रद्द. दहा मिनिटांत बारा सेकंद म्हणजे शेकडा दोन. एका मिनिटात तीच शेकडा वीसवर जातात. रद्द पानावरचे श्रम वहीच्या राखणीला उपयोगी पडत नाहीत. शिवाय हा तोटा सर्वांना सारखा नसतो. स्वतःच्या पानाची बातमी स्वतःला तत्काळ असते. म्हणून ज्याची पाने अधिक, त्याचा लाभ अधिक. दूरचा लहान माणूस मागे पडतो. सराफ नको म्हणून मांडलेल्या वहीत घाईच्या वाटेने मोठा सराफ परत येतो, तो असा.

याचा अर्थ दहा हा आकडा देवाने दिला, असा नव्हे. पहिली पोच लवकर मिळणे हा लहान व्यवहारात खरा लाभ आहे. बातमी पोचवण्याची रीतही २०१६ नंतर पुष्कळ सुधारली. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या इथीरियमने तर पान पंधरा सेकंदांच्या आसपास आणले आणि रद्द पानालाही थोडे बक्षीस ठेवले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने कोडेच काढून टाकले. आता अनामत ठेवणाऱ्यांपैकी एकाला दर बारा सेकंदांनी पान लिहिण्याची पाळी येते. तथापि ते पान कायमचे पक्के होण्यास त्यानंतरही सुमारे तेरा मिनिटे लागतात.

आपल्या मुंबईतही हा प्रयोग झाला. २०१७ साली येथे जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मॅटिक हे जाळे आरंभले. पुढे त्याचे नाव पॉलिगॉन झाले. पान दोन सेकंदांत. मात्र राखणदार सुमारे शंभरच. पडलेली पाने मागे फिरण्याचे प्रकार तेथे होत. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये एका राखणदाराची सलग ६४ पानांची पाळी १६ वर आणली गेली. पानांचा वेग मुळीच कमी नव्हता. दुरुस्ती करावी लागली ती भरवशाची.

तेव्हा कोणी नव्या नाण्याची थोरवी सांगताना पान किती सेकंदांत पडते हे सांगू लागला, तर वाचकांनी दोनच प्रश्न विचारावेत. पडलेले पान पक्के केव्हा होते? आणि ते राखणारे किती जण आहेत? या दोन उत्तरांवाचून मुदतीच्या आकड्याला काही अर्थ नाही.