चिलाकिलेस : शिळ्या टॉर्टियाची न्याहारी

उरलेल्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, वाया जाऊ नयेत म्हणून मेक्सिकोत घरोघरी केली जाणारी न्याहारी म्हणजे चिलाकिलेस. टॉर्टियाचे चार-चार तुकडे करून ते कुरकुरीत तळतात. ताजी टॉर्टिया तेल फार पिते, म्हणून शिळीच बरी. हिरव्या साल्सासाठी टोमॅटिलो हे आंबट फळ, मिरच्या, कांदा व लसूण उकडून वाटतात आणि ते वाटण थोड्या तेलात दाट होईपर्यंत शिजवितात. तांबडा साल्सा टोमॅटो व सुक्या मिरच्यांचा. खरी कसोटी यापुढची. उकळत्या साल्सात तुकडे मिनिटभरच घोळवावेत. अधिक राहिल्यास लगदा होतो. वर आंबटसर साय, चुरलेले ताजे चीज व कच्चा कांदा घालून ताबडतोब वाढावे. पाकिटातील खारे चिप्स वापरल्यास साल्सात मीठ बेताने घालावे.