सागरी किल्ल्यांतील गोडें पाणी व बंदरांतील जहाजें

सिंधुदुर्गाच्या तटबंदीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; तेथील विहिरींविषयीं मात्र बहुधा भर समुद्रांत गोडें पाणी लागल्याचें नवल करून लेखक पुढें जातात. ह्या नवलाखालीं एक महत्त्वाचा प्रश्न झांकला गेला आहे, असें आम्हांस वाटतें. बंदरांत नांगरलेल्या गलबतांस निर्धोक पाणी मिळावें कोठून व तें राखावें कोणी, हा तो प्रश्न होय.

मालवणसमोरील कुरटे बेटावर इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरांत सुरू झालेलें किल्ल्याचें काम १६६७ त पुरें झालें. आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. पाण्याची पारख जिभेनें होत असे, हें ह्या नांवांवरूनच दिसतें. बेटावर पडलेला पाऊस भूमींत मुरतो व हलका असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो. समुद्रोदकाचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १.०२५ असल्यानें, सच्छिद्र भूमींत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक हात असली, तर खालीं सुमारें चाळीस हातांपर्यंत गोडें पाणी असतें. हिशेब उलटही लागू होतो. उपशानें वरची पातळी एक हात उतरली कीं खारें पाणी खालून चाळीस हात चढूं पाहतें. कातळी बेटावर हें माप तंतोतंत जुळत नाहीं. तत्त्व मात्र तेंच. नांदेडनजीक विष्णुपुरीस गोदावरी अडवून केलेल्या जलाशयांतील पाणी उपशानें कमी झालें तर कांठ उघडा पडतो व उणीव डोळ्यांस दिसते. बेटावरील विहिरींत ती दिसत नाहीं. पाणी मचूळ लागूं लागल्यावरच कळते.

ह्यावरून, सागरी किल्ला म्हणजे आरमाराची अखंड पाणपोई, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. पिपांत साठविलेलें पाणी कांहीं दिवसांत हिरवें पडून कुजतें. म्हणून लाकडी पिपांच्या काळीं बंदरीं आलेल्या जहाजास तीं रिकामीं करून, धुवून, नव्यानें भरावीं लागत. असा मोठा उपसा बेटावरील विहिरींवर एकाच वेळीं पडला तर जहाजें भरतील, पण शिबंदी तहानेली राहील. मोठा भरणा किनाऱ्यावरून करावा व बेटावरील पाणी अडचणीसाठीं राखावें, हेंच शहाणपणाचें ठरतें. जंजिऱ्यांतील दोन मोठ्या तलावांची गोष्ट निराळी. बांधीव तलावांत शिल्लक किती हें पाहतांच कळतें.

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र ह्या दृष्टीनें पुन्हां वाचावें. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या ह्या ग्रंथांत गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहण्याची आज्ञा आहे. शिवाय, झऱ्यावर विसंबूं नये, कारण लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरे आटतात व पाण्याचा खर्च वाढतो; सबब राखीव टाकीं असावींत, असा इशारा आहे. त्याच ग्रंथांत आरमाराचेंही प्रकरण आहे. हीं दोन्ही प्रकरणें शेजारीं ठेवून वाचण्याची चाल आपल्याकडे पडली नाहीं, हें नवलच.

नळाच्या पाण्यानें प्रश्न बदलला, मिटला नाहीं. मुंबईस विहार तलावाचें काम १८६० त पुरें झालें; त्यापूर्वीं शहराची भिस्त विहिरी व तळीं ह्यांवर होती. पण उगम शुद्ध असला तरी धक्क्यावरील तोटी व जहाजाची टांकी ह्यांमधील थोडक्या अंतरांत पाणी बिघडूं शकतें. भरण्याची नळी दुसऱ्या कामास वापरलेली नसावी, तिचें तोंड झांकलेलें असावें, ती गोदीच्या पाण्यांत लोळूं नये, इतक्या साध्या गोष्टींवर खलाशांचें आरोग्य अवलंबून असतें. २००५ सालीं संमत होऊन २००७ पासून अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणें जहाजाच्या स्वच्छतेचा दाखला जास्तींत जास्त सहा महिनेच चालतो, व तपासणींत पिण्याचें पाणीही येतें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. कोंकणांतील जुन्या दप्तरांत पखाली, पिपें, टाकीं उपसणें, विहिरींवरील पहारा अशा बाबींचे किरकोळ खर्च आढळले, तर ते कागद रुमालाबाहेर टाकूं नयेत. तारीख, बंदर व रक्कम ह्यांसह त्यांची नक्कल ठेवावी.