वंगणापासून रबरापर्यंत : घरी घडवलेल्या मोटारीच्या सांध्याचा इतिहास

घरच्या कार्यशाळेत जुळवलेल्या मोटारीखालून येणारी करकर हा वाहनांच्या इतिहासातील एक फार जुना प्रश्न आहे. चाकाला वर-खाली होण्याची मोकळीक द्यायची आणि तरीही त्याला आपल्या जागेवरून ढळू द्यायचे नाही, या दोन परस्परविरोधी मागण्या ज्या सांध्यात एकत्र येतात तो सांधा घासल्याशिवाय राहत नाही, आणि घासणारा सांधा कोरडा पडला, गंजला किंवा त्यात धूळ शिरली की तो आवाज करू लागतो. चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या, धक्के पोटात घेणाऱ्या या साऱ्या रचनेला सस्पेन्शन म्हणतात. गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत पावसाळ्यात चिखल आणि उरलेल्या काळात जांभ्याची तांबडी धूळ असा दुहेरी मारा या सांध्यांवर होत आला आहे, त्यामुळे त्यांची निगा राखण्याचे शहाणपण या भागात मोटारीच्याही आधीपासून मुरलेले आहे.

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी वसलेल्या हळर्णसारख्या गावात अवजड माल नेण्याची साधने दोनच होती : पाण्यावर होडी आणि जमिनीवर बैलगाडी. बैलगाडीला सस्पेन्शन असे काही नव्हते; आख, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर फिरतात तो आडवा दांडा, थेट गाडीच्या साटीखाली बांधलेला असे आणि खड्ड्याचा प्रत्येक हिसका माल, माणूस व बैल यांच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचे. घर्षण होई ते फक्त चाकाचा तुंबा आणि आख यांच्यामध्ये, आणि त्यावरचा उपाय म्हणजे वंगण. करंज आणि उंडी यांच्यासारखी खाण्यात न येणारी तेले कोकणपट्टीत सहज मिळत, आणि वंगण वेळेवर घालणे हे गाडीवानाच्या कौशल्याचे अंग मानले जाई. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बैलगाडीचा सांधा बंदिस्त नव्हता. तो घासणार, झिजणार आणि त्याला वरचेवर तेल लागणार हे गृहीत धरूनच गाडी घडवली जाई, म्हणजे गाडी वापरणारा आणि तिची निगा राखणारा माणूस एकच असे.

हळर्णचे नाव वाहनांच्या इतिहासातील पुढच्या टप्प्याशी एका वेगळ्याच वाटेने जोडले गेले आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या ताब्यातील येथील किल्ला ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्केस द कास्तेलो नोव्हो याने जिंकला, आणि या विजयाबद्दल त्याला मार्केस द आलोर्ना ही पदवी मिळाली; आलोर्ना हे हळर्णचेच पोर्तुगीज रूप. पेडणे तालुका पोर्तुगीज राज्यात कायमचा सामील होण्यास १७८८ साल उजाडावे लागले. गावाचे नाव मात्र त्याआधीच लिस्बनच्या सरदारवर्गात पोहोचले होते. त्या काळात युरोपातील सरदार ज्या बग्ग्यांतून फिरत, त्यांची पेटी जाड चामडी पट्ट्यांवर टांगलेली असे. लिस्बनच्या बेलें भागात १९०५ साली सुरू झालेल्या बग्ग्यांच्या संग्रहालयात अशा गाड्या आजही पाहायला मिळतात. माणसाला हिसक्यांपासून वाचवण्याचा हा उपाय धातूचा नव्हता, तर ताणल्यावर स्वतः हलणाऱ्या लवचिक पदार्थाचा होता. पुढे पोलादाने चामड्याची जागा घेतली तेव्हा टिकाऊपणा वाढला, पण घासणारे पृष्ठभागही वाढले.

इंग्लंडमध्ये १८०४ साली ओबाडाया एलियट याने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि पोलादी पाट्यांचे युग रुजले. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या, लांबीने कमी-कमी होत जाणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. ओझे आले की हे पाटे सरळ होऊ पाहतात आणि तसे होताना एकमेकांवर सरकतात. या सरकण्यातील घर्षण सर्वस्वी वाईट नसते, कारण त्यामुळे गाडीचे उसळणे लवकर शमते. मात्र पाट्यांमध्ये गंज धरला की तेच घर्षण कर्कश होते. म्हणून पूर्वीच्या मोटारींत पाट्यांना चामड्याचे वेष्टण घालून आत ग्रीस भरण्याची आणि पाट्यांच्या मध्ये जस्ताच्या पातळ पट्ट्या घालण्याची पद्धत होती. डिचोली तालुक्याला पाट्यांची खरी ओळख करून दिली ती खनिजाने. विसाव्या शतकाच्या मध्यापासून खाणींतील लोहखनिज ट्रकांतून आमोणे, सुर्ला येथील नदीकाठच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जने मुरगाव बंदरात जाऊ लागले, आणि ओव्हरलोड ट्रकांचे तुटलेले पाटे बदलणे, बुश ठोकणे, ग्रीस मारणे या कामांवर रस्त्याकडेच्या गॅरेजांचा चरितार्थ उभा राहिला. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकमालकांची हलाखी सर्वांच्या नजरेस आली. या गॅरेजांतील कारागिरीची झालेली हानी मात्र फारशी कुणी नोंदवली नाही, आणि ती नोंदवली जायला हवी होती.

पाट्याच्या टोकाशी किंवा सस्पेन्शनच्या दांड्याच्या मुळाशी जो गोल अस्तर-तुकडा बसतो त्याला बुश म्हणतात. पितळी बुशाला ग्रीस लागते आणि ते आटले की तो कुरकुरतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फ्रान्समध्ये या अडचणीवर एक मूलगामी उत्तर निघाले : एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या घेऊन त्यांच्या मध्ये रबर घट्ट बसवायचे, म्हणजे नळ्या एकमेकींवर घासत नाहीत, रबरच आतल्या आत पिळले जाते. जेथे घसरण्याची गरजच उरत नाही, तेथे वंगणाचीही उरत नाही. याच विचाराची पुढची पायरी ब्रिटिश अभियंता ॲलेक्स मोल्टन याने गाठली. त्याने १९५९ सालच्या मिनी मोटारीत पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू वापरले. रबर जितके दाबावे तितके अधिक ताठ होत जाते, आणि हलक्या मोटारीला याच गुणाची गरज असते, कारण चालक एकटा असताना आणि चौघे बसले असताना तिच्या वजनात पडणारा फरक तिच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठा असतो.

हळर्णपासून सह्याद्रीच्या पलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत, हाच विचार एका मराठी माणसाच्या मोटारीत उतरलेला दिसतो. शंकरराव कुलकर्णी यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्यांनी १९४५ च्या सुमारास लहान, स्वस्त मोटारीचे काम हाती घेतले, १९४९ साली दोन आसनांचा पहिला नमुना रस्त्यावर आणला आणि पुढची सुमारे तीन दशके एकामागून एक सुधारित नमुने घडवले. ‘मीरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या मोटारीचे इंजिन मागे होते आणि सत्तरच्या दशकात तिची किंमत सुमारे १२,००० रुपये राहील असा अंदाज होता. तिच्या चारही चाकांना रबराचे स्वतंत्र सस्पेन्शन होते, म्हणजे एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकापर्यंत जात नसे, आणि या रचनेमुळे सुट्या भागांची संख्या बरीच घटली होती.

या निवडीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. इचलकरंजी हे १९०४ साली पहिला यंत्रमाग बसल्यापासून यंत्रांच्या दुरुस्तीवर जगणारे गाव होते आणि तेथे कुशल हात होते; पण मोठ्या कारखान्यामागे असते तशी गावोगावच्या सर्व्हिस स्टेशनांची साखळी एकट्या माणसाच्या मोटारीमागे असणे शक्य नव्हते. ग्रीसचे डझनभर सांधे असलेली मोटार विकायची तर ते भरणारी माणसेही सोबत द्यावी लागतात. ज्या मोटारीचे सांधे घासतच नाहीत ती मोटार जिथे जाईल तिथे आपल्यापुरती स्वयंपूर्ण असते, आणि या अर्थाने मीराचे रबर हे केवळ काटकसरीचे नव्हे, तर दूरदृष्टीचे लक्षण होते. परवान्यांच्या त्या काळात मोटारीच्या उत्पादनाला मंजुरी मिळाली नाही, १९८३ साली मारुती बाजारात आली आणि मीरा नमुन्यांपुरतीच राहिली. ही हार तंत्राची नव्हती.

ब्रिटनमध्ये घरी जोडायच्या मोटारींना कराच्या रचनेने हात दिला होता. १९५७ सालची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचाच्या रूपात घेतली तर तयार मोटारीवरचा खरेदीकर लागत नसे, आणि १९७३ साली मूल्यवर्धित कर येईपर्यंत ही सवलत टिकली. भारतात गोष्ट उलट घडली. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार वाहनाच्या मूळ नमुन्याला पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि हा खर्च एका गाडीसाठी कुणालाच पेलणारा नसतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांतून बनवलेली छोटी जीप २०२१ साली गाजली, तिच्या बदल्यात त्यांना उद्योगपती आनंद महिंद्र यांच्याकडून नवी बोलेरो मिळाली. पण जीप नियमांत बसत नाही, हे महिंद्र यांनीही त्या वेळीच सांगितले होते.

अशा घरी जुळवलेल्या मोटारींतील करकरीची कारणे कारखान्याच्या मोटारीपेक्षा वेगळी असतात. निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र आल्याने दांड्याच्या दोन्ही टोकांचे आधार एका रेषेत येत नाहीत आणि बुश तिरका दाबला जातो. अशा ठिकाणी कितीही वंगण घातले तरी आवाज काही दिवसांनी परततो, आणि आधार कापून पुन्हा वेल्ड करणे हाच खरा उपाय ठरतो. दुसरे कारण याहून अधिक आढळते. रबरी बुशाचा बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळला जातो. मग गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, कण्हते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट सैल करून, गाडीचे वजन चाकांवर घेऊन तो पुन्हा आवळावा लागतो. कोणता सांधा आवाज करतो हे ठरवण्यासाठी एकेका बुशावर थोडे पाणी मारून गाडी दाबून पाहण्याची रीत उपयोगी आहे, कारण ओला होताच ज्याचा आवाज बदलतो तो दोषी. रबराला मात्र खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावणे घातक असते. त्याने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते, तेव्हा तेथे सिलिकॉनचे ग्रीसच वापरावे लागते. हल्ली मिळणारे पॉलियुरेथेनचे बुश पिळले जात नाहीत, ते पुन्हा घसरतात, आणि त्यामुळे कोरडे बसवले की हमखास चिरकतात. त्यांना बसवतानाच चिकट सिलिकॉन ग्रीस भरावे लागते आणि पावसाळ्यानंतर ते उघडून पुन्हा भरावे लागते.