नाण्यावरील दोष : टांकसाळींतले आणि मागाहूनचे

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी, कळंब, दारव्हा अशा जुन्या गांवांच्या बाजूस एखाद्या पडक्या वाड्याच्या मातींत शिवराई सांपडणें, ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. असें नाणें हातीं आलें म्हणजे पाहणाराची नजर प्रथम त्याच्या व्यंगावर जाते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असावयाचीं. पण ‘श्री’ अर्धीच असते आणि ‘ति’ तर कडेबाहेरच गेलेली असते. कोणी म्हणतो, नाणें झिजलें. कोणी म्हणतो, कोणीतरी कापलें. तिसरा म्हणतो, ही टांकसाळीची दुर्मिळ चूक, हिला किंमत मोठी येईल. बहुधा तिघेही चुकतात.

शिवराई यंत्रांतून निघालेली नाहीं. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवावयाची, वरचा ठसा हातानें धरावयाचा आणि त्यावर घणाचा घाव घालावयाचा, अशी ती रीत होती. ठसा रुंद व चकती लहान. तेव्हां सगळीं अक्षरें एकाच नाण्यावर उतरणें हाच योगायोग म्हणावयाचा. कंपनी सरकारनें १८३५ सालीं आपल्या मुलुखांत एकसारखें यंत्राचें नाणें सुरू केलें. त्यांतल्या पाव आण्यावरील ठसा एका बाजूस सरकलेला दिसला, तर ती खरी चूक. शिवराईवर तेंच दिसलें, तर ती रोजचीच गोष्ट.

मग खरा दोष ओळखावा कसा? सर्वांत भरंवशाची कसोटी म्हणजे रेघ उंच आहे कीं खोल, हें पाहणें. ठशाला तडा गेला म्हणजे त्या फटींत धातु शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. मागाहून उठलेला ओरखडा खोल असतो. त्याच्या दोन्ही कडांस धातूचा बारीक बांध उभा राहतो, जसा नांगराच्या तासाला मातीचा.

याहून चकविणारा एक प्रकार आहे. आधींचें नाणें वरच्या ठशाला चिकटून राहिलें, तर पुढच्या चकतीच्या खालच्या अंगावर अक्षरें नीट उमटतात आणि वरच्या अंगावर तींच अक्षरें उलटीं व खोल येतात. दोन नाणीं एकमेकांवर ठेवून हातोडा मारला, तरी उलटीं खोल अक्षरें दिसतात खरीं. परंतु मग पाठीमागची बाजू चेपलेली असते आणि त्या खोल अक्षरांच्या आड मूळची आकृति अर्धवट उरलेली असते. भिंग घेऊन पाहणारास हें लपत नाहीं.

काळ्या जमिनींत पडून राहिलेल्या तांब्यावर हिरवट थर चढतो. तो ओरखड्याच्या तळाशींही असेल, तर इजा जुनी. तळ लालबुंद असेल, तर ती फाळाची नाहींतर कानशीची, अगदीं ताजी. पण नाणें सांपडलें कीं तें चिंचेनें घांसून लख्ख करावयाचें, ही घरोघरची रीत! एवढ्यानें हा पुरावा कायमचा जातो.

हा खटाटोप केवळ संग्राहकांच्या हौसेसाठीं नाहीं. दारव्ह्याच्या पश्चिमेस मंगरूळपीर तालुक्यांत तऱ्हाळा हें गांव आहे. तेथें १९३९ सालीं सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा, म्हणजे तांबें, कथील व शिसें यांच्या मिश्र धातूच्या नाण्यांचा, मोठा सांठा निघाला. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि भोंवतीं राजाचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. म. म. वा. वि. मिराशी यांनीं हीं नाणीं अभ्यासून प्रसिद्ध केलीं. पुष्कळ नाण्यांवर नांवाचा एखादा तुकडाच उतरलेला आहे. झिजलेलें अक्षर गेलें तें गेलेंच. पण ठसा सरकल्यामुळें एका नाण्यावर नांवाचा आरंभ राहतो, दुसऱ्यावर शेवट राहतो, आणि तुकड्याला तुकडा जोडतां येतो. पुराणांतील राजवंशांच्या याद्यांत न आढळणारे कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि आणि शक सातकर्णि हे राजे या सांठ्यांतून इतिहासाला मिळाले. कोणा सोनारानें त्या वेड्यावांकड्या कडा कानशीनें गोल करून ठेवल्या असत्या, तर कांठावरचें तें एखादें अक्षरही गेलें असतें.