व्हेलोसिओ आणि फ्रान्सचे आडरस्ते

फ्रान्स देशाचें नांव सायकलीच्या संबंधांत निघालें, म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें १९०३ सालीं सुरू झालेली ती प्रसिद्ध शर्यत उभी राहते. पिवळा सदरा घातलेला आघाडीचा गडी, दुतर्फा ओरडणारी गर्दी, धूळ आणि घाम. परंतु त्याच देशांत, पुष्कळदां त्याच रस्त्यांवर, शर्यतीच्या आधीं पंधरा वर्षें एक निराळी परंपरा रुजूं लागली होती. तिच्यांत पहिला नंबर नव्हता, बक्षीस नव्हतें. घड्याळ असलेंच तर तें खिशांत. पहांटे घरून निघावें, डोंगर ओलांडावा, पलीकडच्या खोऱ्यांत एखाद्या गांवीं पाव व फळें खावींत, आणि पुढची वाट धरावी, एवढाच तिचा क्रम. फ्रेंच लोक तिला 'सिक्लोतुरिस्म' म्हणतात. मराठींत सायकल-पर्यटन म्हणावें. हा शब्द रूढ करण्याचें श्रेय ज्या गृहस्थाकडे जातें, त्याची व त्याच्या रस्त्यांची ही हकीकत आहे.

आरंभ रस्त्यांपासून केलेला बरा. फ्रान्सचे राजमार्ग जुन्या काळापासून नांवाजलेले होते. पूल व रस्ते यांचें स्वतंत्र खातें तेथें १७१६ सालींच स्थापन झालें. पण राजमार्ग शहरें जोडतो, खेडीं नव्हे. खेड्याला रस्ता दिला तो १८३६ सालच्या मे महिन्यांतील कायद्यानें. प्रत्येक गांवानें आपले रस्ते दुरुस्त ठेवलेच पाहिजेत, आणि त्यासाठीं गांवकऱ्यानें वर्षांतून तीन दिवसांपर्यंत स्वतः राबावें किंवा तितकी रक्कम भरावी, अशी तरतूद त्यांत होती. वेठ कोणाला आवडते? परंतु या तीन-तीन दिवसांच्या मेहनतीचा संचय असा झाला कीं, पुढें सायकल आली तेव्हां तिला शेतांच्या कडेनें, द्राक्षांच्या मळ्यांतून, गिरणीच्या ओढ्यावरून जाणारे हजारों मैल खडीचे रस्ते आयते मिळाले. ठराविक टप्प्यावर नेमलेला रस्तेदुरुस्तीचा कामगार फावडें व घमेलें घेऊन ते रस्ते राखीत असे. ज्या शेतकऱ्यांनीं ते बांधले, त्यांच्या स्वप्नांतहि सायकल नव्हती.

आतां तो गृहस्थ. पॉल द व्हिव्ही याचा जन्म १८५३ सालीं दक्षिणेकडील पेर्न या गांवीं झाला. व्हांतू नांवाच्या उघड्याबोडक्या पर्वताच्या छायेंतला हा मुलूख. पुढें तो सँएतिएन शहरांत रेशमाचा व्यापार करूं लागला. भूगोलाच्या पुस्तकांत या शहराची बोळवण 'कोळसा, बंदुका व रेशमी फिती' एवढ्या तीन शब्दांत होते. पण सायकलीच्या इतिहासांत त्याचें महत्त्व फार मोठें आहे. बंदुकीची नळी व चाप घडविणारे बारीक हाताचे कारागीर तेथें पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि त्यांनाच सायकलीचें काम चटकन साधलें. १८८६ सालीं गोतिए बंधूंनीं पहिली फ्रेंच बनावटीची आधुनिक सायकल याच शहरांत तयार केली.

द व्हिव्हीनें १८८१ मध्यें पहिली सायकल घेतली, ती मोठ्या पुढच्या चाकाची उंच जातीची. ला शेझ-द्यू हें नव्वद किलोमीटरांवरील डोंगरी गांव सहा तासांत गांठून दाखव, अशी पैज एका मित्रानें लावली आणि तींतून त्याला डोंगरांचें वेड लागलें, असें सांगतात. वेड साधें नव्हतें. १८८७ सालीं चौतिशीच्या या माणसानें रेशमाचा चालता धंदा विकला, सायकलींचें दुकान घातलें आणि त्याच वर्षीं एक मासिकहि काढलें. 'ल सिक्लिस्त' हें त्याचें पुढें रूढ झालेलें नांव. त्यांत तो 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें लिही. आणि टोपणनांवानें माणसाला असें गिळलें कीं, आज फ्रान्समध्यें खरें नांव थोड्यांनाच ठाऊक असेल.

सँएतिएनच्या आग्नेयेस, शहराबाहेर पडतांच, एक घाट लागतो. वर सूचिपर्णी झाडांचें दाट रान, आणि माथ्यावर ११६१ मीटर उंचीची खिंड. तिचें नांव रेप्युब्लीक. या घाटानें व्हेलोसिओला खरें शिक्षण दिलें. त्या काळीं सायकलीला एकच दांतेरी चक्र पुढें व एकच मागें असे. पायडलाच्या एका फेऱ्यांत गाडी जेवढी पुढें जायची तेवढीच ती सपाटीवर आणि तेवढीच चढणीवर. सपाटीला सोयीचें प्रमाण चढणीवर गुडघे मोडी. चढणीला सोयीचें घेतलें तर सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरून गाडी मात्र रांगे. असाच एकदां तो घाट चढत असतां त्याच्या मासिकाचा एक वाचक तोंडांत पाइप धरून, आरामांत, त्याच्या शेजारून पुढें निघून गेला, अशी कथा आहे. तरुण पायांनीं त्या दिवशीं प्रौढ पायांना जो धडा दिला, त्यांतून द व्हिव्हीनें सायकलीला एकाहून अधिक प्रमाणें देण्याचा ध्यास घेतला. आरंभीं पुढें दोन चक्रें बसवून तो खालीं उतरे आणि साखळी हातानें एकावरून दुसऱ्यावर घाली. हात काळे होत. पण गुडघे वांचत. पुढें दोनाचीं चार प्रमाणें झालीं, आणि सँएतिएनच्या कारखान्यांतून साखळी चालत्या गाडींत सरकविणाऱ्या युक्त्या एकामागून एक निघूं लागल्या.

येथें भांडण जुंपलें. १९०२ सालीं फ्रान्सच्या टूरिंग क्लबानें पिरेनीज पर्वतांत २११५ मीटर उंचीच्या तूर्माले खिंडीवर सायकलींची परीक्षा ठरविली. त्या वेळच्या हकीकतीप्रमाणें मार्त हेस नांवाची तरुणी तीन प्रमाणांच्या सायकलीवर बसून, एकदांहि पाय जमिनीस न लावतां, चढून गेली. एकाच प्रमाणाच्या गाडीवर असलेल्या फिशर या नांवाजलेल्या शर्यतपटूला तिनें मागें टाकलें. आंरी दग्रांज हा वृत्तपत्रकार मात्र बधला नाहीं. पुढच्याच वर्षीं ज्यानें ती मोठी शर्यत काढली तोच हा. असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं. जय मिळवावा तो स्नायूंनीं, यंत्रानें नव्हे, असें त्याचें म्हणणें. शर्यत ही माणसाची कसोटी आहे असें मानल्यास त्याच्या बोलण्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. पण रस्त्यावरचा शंभरांतला नव्व्याण्णवावा माणूस शर्यतपटू नसतो. तो कारकून असतो, फिती विणणारा असतो, दोन मुलांची आई असते. आणि त्याला डोंगरापलीकडचें पाहण्याचा हक्क हवा असतो. व्हेलोसिओ त्यांच्या बाजूनें उभा होता. दग्रांजनें शर्यतीची सूत्रें सोडल्यावर, १९३७ सालीं, ही साखळी बदलणारी योजना त्या शर्यतीत सर्वांस खुली झाली. तोंवर ती साध्या प्रवाशांच्या सायकलीवर वर्षानुवर्षें फिरत होती. विद्यार्थ्यानें गुरूच्या आधीं धडा पाठ करावा, तसाच हा प्रकार.

खुद्द त्या रेप्युब्लीक घाटानें शर्यतीचें दुसरें रूपहि पाहिलें आहे. १९०४ सालीं स्थानिक गड्याच्या पक्षपात्यांनीं तेथें रात्रीं काठ्या घेऊन इतर स्पर्धकांस मारहाण केली, आणि जमाव पांगविण्यासाठीं पिस्तुलाचे बार काढावे लागले.

व्हेलोसिओचा आवडता प्रवास ईस्टरच्या सुटींतला. मित्रमंडळी बरोबर घेऊन तो अंधारांतच निघे. मागें गिरण्यांचा धूर, समोर घाटाच्या माथ्यावर कधीं कधीं बर्फ. खिंड ओलांडली कीं, बूर्ग-आर्जांताल, आनोने अशीं गांवें घेत रस्ता रोन नदीच्या खोऱ्यांत उतरतो. मग नदीच्या कांठानें दक्षिणेस व्हालांस, माँतेलिमार, आणि पुढें हवा पालटते: एकेका वळणावर सुरूची रांग, नंतर करड्या पानांचीं ऑलिव्हचीं झाडें, मातींत लाल रंग. या खोऱ्यांत 'मिस्त्राल' नांवाचा उत्तरेचा वारा वाहतो. जातांना तो पाठीशीं घेतला तर पायांना पंख फुटतात आणि परततांना तोच वारा सगळें कर्ज व्याजासह वसूल करतो. कोळशाच्या गांवाहून ज्या ऑलिव्हच्या मुलुखांत तो असा उतरे, तो त्याच्या जन्माचाच मुलूख होय.

त्याची राहणी साधी. मांस वर्ज्य, प्रवासांत दारू व तंबाखूहि नको. नवशिक्यांना तो सांगे कीं, भुकेच्या आधीं खा, तहानेच्या आधीं प्या, विसावा थोडा घ्या, अंगाबाहेरचें बळ लावूं नका, आणि केवळ दिमाखासाठीं कधींहि पायडल मारूं नका. यांतला शेवटचा नियमच सर्वांत अवघड, हें ज्यानें कधीं दुसऱ्याला मागें टाकलें आहे त्याला कळेल.

१८९० सालीं स्थापन झालेल्या टूरिंग क्लबानें या प्रवाशांची वाट सुकर केली. धोक्याच्या उतारांवर पाट्या लावल्या, आणि खाणावळींच्या मालकांस स्वच्छ, पांढऱ्या भिंतींच्या खोल्या ठेवावयास लावलें. ही संस्था १९८३ मध्यें बंद पडली. मधल्या काळांत एक मोठी गोष्ट घडली. १९३६ च्या जून महिन्यांत फ्रान्सच्या कामगाराला कायद्यानें वर्षाकांठीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यांत नवराबायको दोघांच्या जोडसायकलीवर बसून समुद्र प्रथम पाहावयास निघालेलीं कुटुंबें त्याच गांवरस्त्यांवर दिसूं लागलीं. व्हेलोसिओला हें पाहावयास मिळालें नाहीं. १९३० सालीं सँएतिएनमध्यें, सायकल हातांत धरून रस्ता ओलांडीत असतां, ट्रामच्या धक्क्यानें तो गेला. वय ७६.

महायुद्धानंतर मोटारींनीं राजमार्ग व्यापले आणि सायकलवाला आडरस्त्यांकडे वळला. लहान आगगाड्यांचे फाटे बंद पडत गेले, तेव्हां त्यांच्या रुळांची जागाहि त्याच्या वाट्यास आली: बर्गंडींतील जिव्री ते क्ल्युनी हा असा पहिला 'हरितमार्ग' १९९७ सालीं खुला झाला. लुआर नदीच्या कांठचा मार्ग तर आज सुमारे ९०० किलोमीटर लांबीचा आहे.

रेप्युब्लीकच्या माथ्यावर द व्हिव्हीचें स्मारक उभें आहे. १९२२ मध्यें, तो हयात असतांच, मित्रांनीं त्याच्या नांवानें घाट चढण्याचा एक वार्षिक दिवस सुरू केला. त्या दिवशीं म्हातारे, मुलें, जोडसायकलीवरचीं दांपत्यें, सारीं आपापल्या वेगानें चढूं लागलीं. वर पोंचल्यावर पलीकडे रोनच्या खोऱ्याचा उतार सुरू होतो.