चार वर्षांचा विद्यार्थी, नऊ वर्षांचा उपग्रह

मंडळी, मागच्या भागात आपण आर्यभट्टाची गोष्ट ऐकली. १९७५ सालचा, ३६० किलो वजनाचा तो उपग्रह बनवणारे लोक नोकरीतले शास्त्रज्ञ होते. आजची गोष्ट कॉलेजातल्या पोरांची आहे. मी सिग्नल्स कोअरचा माणूस, त्यामुळे अवकाशापेक्षा मला यात दुसराच प्रश्न जास्त ओढ लावतो, तो म्हणजे चार्ज देण्याघेण्याचा. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कॉलेजात चार वर्षं असतो, फार तर पाच. उपग्रहाला लागतात आठ-नऊ. मग तो पुरा करतो कोण?

आधी थोडा क्रम सांगतो. विद्यापीठात घडलेला आपला पहिला उपग्रह चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा, 'अनुसॅट'. २० एप्रिल २००९ रोजी तो वर गेला, वजन ४० किलो. १२ जुलै २०१० रोजी 'स्टडसॅट' गेला. तो जेमतेम किलोभराचा, बंगळूर आणि हैदराबादच्या सात कॉलेजांच्या मुलांनी मिळून केलेला. ऑक्टोबर २०११ मध्ये आयआयटी कानपूरचा 'जुगनू' आणि चेन्नईचा 'एसआरएमसॅट' एकाच रॉकेटवरून गेले. आणि २०१६ साली तीन महिन्यांच्या अंतराने आपल्याकडचे दोन. २२ जून रोजी पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्', वजन ९९० ग्रॅम. २६ सप्टेंबर रोजी आयआयटी मुंबईचा 'प्रथम', १० किलोंचा.

'स्वयम्'चं काम २००८ मध्ये सुरू झालं होतं, 'प्रथम'चं २००७ मध्ये. म्हणजे पहिला आराखडा काढणारी पोरं उड्डाणाच्या दिवसापर्यंत पदवी घेऊन, नोकरीला लागून, कदाचित संसारालाही लागली असतील.

उशीर का होतो, तेही समजून घ्या. असा उपग्रह स्वतःच्या रॉकेटवर जात नाही. पीएसएलव्हीवर मोठा उपग्रह निघालेला असतो, त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत हा बसतो. लग्नाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलेल्या शेजाऱ्याच्या मुलासारखा. बस कधी सुटणार, कुठे थांबणार, हे तो ठरवत नाही. वर त्याच्यामुळे मुख्य पाहुण्याला धक्का लागला तर? म्हणून इस्रोच्या चाचण्या कडक. उपग्रह थरथरवून बघायचा, निर्वात पेटीत तापवून-गारठवून बघायचा. एक जोड सैल निघाला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा वर गेल्यावर पाना घेऊन कुणी जाऊ शकत नाही.

फौजेत दोन-तीन वर्षांनी बदली होते. जाणारा अधिकारी येणाऱ्यासाठी हँडिंग ओव्हर नोट्स लिहून ठेवतो. पण खरं सांगू का, कागदावर न आलेलं बरंच काही सुभेदारसाहेबांच्या डोक्यात असतं आणि युनिट त्याच्यावर चालतं. कॉलेजात प्राध्यापक टिकून असतात हे खरं, पण सोल्डरिंग करणारा हात विद्यार्थ्याचा असतो आणि तो हात मे महिन्यात निघून जातो. त्यांच्याकडे सुभेदार नाही. म्हणून लिहिणं आणि बोलणं, म्हणजे नोंदी ठेवणं आणि नव्या पोरांना उभं राहून शिकवणं, हाच त्या चमूचा कणा. व्याख्यानं ही तिथे हौस नसते. ती बंद पडली तर दोन वर्षांत उपग्रहाचं रूपांतर कपाटातल्या डब्यात होईल.

आयआयटीच्या चमूने हे बाहेरही नेलं, आणि मला ते फार आवडलं. 'प्रथम'च्या ठरवलेल्या उद्दिष्टांतच उपग्रहविद्या शिकणं होतं आणि इतर कॉलेजांच्या मुलांकडून ग्राउंड स्टेशनं उभी करवणंही होतं. त्याला कारणही तसंच होतं. 'प्रथम' दोन फ्रिक्वेन्सींवर संदेश सोडणार होता, एक १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, दुसरी ४३७. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फिअरमध्ये, मोकळे इलेक्ट्रॉन असतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात त्यांच्यातून जाताना रेडिओलहरीच्या कंपनाची दिशा फिरते, आणि कमी फ्रिक्वेन्सीची जास्त फिरते. जमिनीवर काटकोनात लावलेल्या यागी अँटेनांनी हे फिरणं मोजलं की वाटेत इलेक्ट्रॉन किती, याचा हिशेब लागतो. जीपीएसच्या चुका दुरुस्त करायला हा आकडा लागतो. एका ठिकाणाहून एकाच वाटेचा आकडा मिळतो. नकाशा हवा तर ठिकठिकाणी कान हवेत. या थराशी आमची जुनी ओळख. एचएफ सेटवर दिवसाची फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही, सूर्य मावळला की खाली उतरावं लागतं, हे सिग्नल्सच्या प्रत्येक जवानाला पाठ असतं.

या फिरण्याला फॅरडेचं नाव आहे. त्याने ते १८४५ मध्ये काचेतून जाणाऱ्या प्रकाशात पाहिलं. हा मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा. लंडनमध्ये एक शिलिंग देऊन विज्ञानाची व्याख्यानं ऐकायचा, पैसे मोठा भाऊ द्यायचा. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी लागली. व्याख्यानांनी काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

'स्वयम्'ची युक्ती याहून साधी. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे, तर उपग्रह गरगरत राहून चालणार नाही. मोटारी आणि चाकं बसवायला एका किलोत जागा कुठली? मुलांनी आत कायमचा लोहचुंबक बसवला, म्हणजे उपग्रहच होकायंत्राची सुई झाला. सुई डुलत राहू नये म्हणून डोलणं शोषणाऱ्या मऊ चुंबकीय पट्ट्या दिल्या. यात वीज लागत नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामाला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी निघालेल्या कॉलेजात हे झालं, याची मला गंमत वाटते.

सप्टेंबरच्या उड्डाणात रॉकेटने आधी मोठा 'स्कॅटसॅट' सोडला, मग चौथ्या टप्प्याचं इंजिन पुन्हा चालवून खालची कक्षा गाठली आणि तिथे 'प्रथम'ला सोडलं. श्रीहरिकोट्याहून निघाल्यापासून सव्वादोन तास गेले होते. नऊ वर्षं खपून केलेल्या त्या उपग्रहाचं ठरवलेलं आयुष्य चार महिने होतं. पुढे मुंबईच्या मुलांनी 'अद्वितीय' हाती घेतला आणि पुण्याची मुलं सौरशिडावर चालणाऱ्या उपग्रहाच्या मागे लागली.